पाइपातला थर आणि मोजणीची वही

आज आपण अशा गोष्टीबद्दल बोलणार आहोत, जी दिसत नाही, जिला वास नाही आणि चवही नाही. ती म्हणजे किरणोत्सर्ग. हा शब्द ऐकला की आपल्याला अणुभट्टी आठवते. पण जिथे जमिनीतून खनिज तेल काढतात, त्या भागातही किरणोत्सर्ग मोजावा लागतो. तो का आणि कसा मोजतात, आणि त्यातून आपण काय शिकायचं, ते आज पाहू.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. बोअरचं जड पाणी तापवलं की हीटरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. पाण्यातले क्षार तिथे बसतात. तेलाच्या विहिरीतही असंच होतं. खोल जमिनीत तेलाच्या सोबतीला खूप खारं पाणी असतं. तिथल्या खडकांत थोडं युरेनियम आणि थोरियम असतं. त्यांच्यापासून रेडियम तयार होतं आणि या पाण्यात उतरतं. पाणी पाइपातून वर येताना दाब आणि उष्णता कमी होते. मग क्षार पाइपाला आतून चिकटतात आणि त्यांच्याबरोबर रेडियमही चिकटतं. हे रेडियम लवकर संपत नाही. आज आहे त्याचं निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात.

अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताकडच्या भागात मिसिसिपी आणि लुइझियाना ही तेलाची राज्यं आहेत. 1986 मध्ये मिसिसिपीतल्या लॉरेल गावाजवळ एका विहिरीची दुरुस्ती चालू असताना पाइपातल्या थरात किरणोत्सर्ग आढळला. मग मोजणी सुरू झाली आणि ठिकठिकाणी मीटर बोलू लागले. तोवर काय झालं होतं? कामगारांनी पाइप घासून साफ केले होते, धूळ नाकातोंडात गेली होती, खरवडलेला थर अंगणात, मातीत पडला होता. तेलाच्या कामातले जुने पाइप कुंपणाला, मुलांच्या खेळण्याच्या सांगाड्यांना, शाळेतल्या वेल्डिंगच्या वर्गालाही गेले होते. फुकटात किंवा स्वस्तात मिळालेला मजबूत पाइप कोण टाकून देईल? आपणही दिला नसता.

1989 मध्ये लुइझियानाने याबद्दल नियम केले. अमेरिकेतलं असे नियम करणारं ते पहिलं राज्य. त्याच राज्यातल्या हार्वी इथे एका कुटुंबाने आपली जागा भाड्याने दिली होती आणि तिथे तेलाचे पाइप साफ होत. जमीन दूषित झाली म्हणून कुटुंब कोर्टात गेलं. 2001 मध्ये ज्यूरीने एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. पुढे अपिलात ती रक्कम पुष्कळ कमी झाली. पण खटला उभा राहू शकला, कारण जमिनीची मोजणी झाली होती. नुसतं “आमची जमीन खराब झाली” म्हणून कोणी ऐकत नाही. आकडा लागतो.

आता हा आकडा कसा काढतात ते समजून घेऊ. हातात धरायचं मीटर असतं. ते दर तासाचा आकडा मायक्रोसिव्हर्टमध्ये दाखवतं. किरणोत्सर्ग थोडाफार सगळीकडे असतो. माती, खडक, आकाश, सगळीकडून येतो. साधारण 0.1 च्या आसपासचा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. म्हणून पहिली मोजणी संशयाच्या जागेपासून लांब, साध्या मोकळ्या जमिनीवर करायची. ती आपली मूळ पातळी. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत थोरियम आहे, तिथली मूळ पातळीच इतर गावांच्या कितीतरी पट आहे. एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाला लावून चालत नाही.

मग जमिनीपासून एक मीटर उंचीवर आणि पाइपाजवळ मोजायचं. एकदा मोजून थांबायचं नाही. पाऊस पडून गेल्यावर आकडा थोडा वेळ आपोआप वाढतो. म्हणून वहीत तारीख, वेळ, जागा आणि हवामान लिहायचं, आणि पुन्हा जायचं.

आकडा दिसला की घाबरण्याआधी एक हिशेब करायचा: आकडा गुणिले तास. समजा, एका जागी 0.5 दिसतं. तिथे रोज एक तास थांबलो तर वर्षाला 0.2 मिलिसिव्हर्टपेक्षा कमी होतं. पण तोच पाइप कोणाच्या उशाशी असेल आणि ती रोज आठ तास तिथे झोपत असेल, तर दीड मिलिसिव्हर्टच्या जवळ जातं. नैसर्गिक पातळी सोडून सर्वसामान्य माणसाला वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा मानतात. म्हणजे पाइप तोच, पण तो कुठे ठेवला यावर सगळं ठरतं.

आणि मीटर सगळं सांगत नाही, हेही लक्षात ठेवूया. रेडियममधून निघणारे काही किरण पाइपाच्या लोखंडातून बाहेर येतात, ते मीटरला कळतात. काही किरण साध्या कागदानेही अडतात. बाहेरून ते काही करत नाहीत, पण धूळ श्वासातून पोटात गेली तर तेच जास्त घातक. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडात जाऊन बसतं. म्हणून असा पाइप घासणं, कापणं, ठोकणं यात खरा धोका. कामावरचे धुळीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. पिण्याच्या पाण्याची तपासणीही मीटरने होत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

आपल्या राज्याच्या समुद्रात मुंबई हायला 1974 मध्ये तेल लागलं आणि ते उरणला येतं. याचा अर्थ आपल्याकडचा प्रत्येक जुना पाइप वाईट, असा मुळीच नाही. पण भंगार कुठून आलं हे विचारायची सवय हवी. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं यंत्र मोडलं गेलं. ते तेलाचं नव्हतं, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं होतं. त्यातल्या कोबाल्टमुळे एक कामगार दगावला, बाकीचे आजारी पडले. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, गोठ्याला, मांडवाला, कुंपणाला पाइप घेताना विचारा, हा कुठल्या कामातला? आत कडक थर असेल आणि तो तेलाच्या कामातला असेल, तर खरवडू नका, कापू नका. पिवळ्यावर तीन पाकळ्यांची खूण दिसली तर त्या वस्तूला हात लावू नका, मुलांना लांब ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा तहसीलदारांकडे लेखी कळवा. देशात या सुरक्षेवर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच आहे. आणि मोजायला कोणी आलं, तर गटातल्या दोघीजणी सोबत जा. मूळ पातळी किती, पाइपाजवळ किती, हे विचारा आणि बचत गटाच्या वहीसारखंच तारखेसकट लिहून ठेवा. हिशेब ठेवणं तर आपल्याला येतंच!