दक्षिणमुखी क्षेत्र आणि ध्रुवावरची वीज

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी अरोराचं ॲप दाखवून विचारलं, “हे बीझेड उणे आठ म्हणजे काय हो? आज आकाशात हिरवं दिसेल का?” माझं निम्मं व्याख्यान त्या एका आकड्यावरच आहे.

सौरवारा सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने येतो आणि सूर्याचं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येतो. ते असतं किती? पाचेक नॅनोटेस्ला, आपल्या पायाखालच्या क्षेत्राचा दहा-हजारावा हिस्सा! पण बीझेड उणे झालं, म्हणजे ते दक्षिणमुखी झालं, की मारुतीसारखंच जागृत होतं. त्याच्या रेषा पृथ्वीच्या उत्तरमुखी रेषांना जोडल्या जातात. जेम्स डंगी यांनी हे 1961 मध्ये मांडलं. अशा रेषेचं एक टोक ध्रुवाजवळ रोवलेलं आणि दुसरं वाऱ्याबरोबर पळतंय. साहजिकच ती ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला ओढली जाते आणि तिथला विद्युतभारित वायूही तिच्यामागे फरपटतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर मात्र हवा आडवी येते. जड आयन तिच्यावर आदळून अडखळतात, हलके इलेक्ट्रॉन निसटून पुढे जातात. दोघांची अशी फारकत झाली, की वाहते ती वीज. ध्रुवप्रदेशाच्या दोन काठांमधला विद्युतदाब चुंबकीय वादळात लाख व्होल्टच्या वर जातो. 13 मार्च 1989 ला याच प्रवाहांच्या झटक्याने क्वेबेकची वीज दीड मिनिटात गेली आणि नऊ तास आली नाही.

मला स्वतःला मात्र जास्त गंमत वाटते ती आडव्या दिशेची, म्हणजे बीवायची. ही दिशा पूर्व-पश्चिम उलटली, की भरदुपारी ध्रुवाजवळचा प्रवाहही उलटा वाहतो. ग्रीनलंडमधल्या थुले वेधशाळेच्या चुंबकमापकावर ते नोंदलं जातं. अंटार्क्टिकात परिणाम बरोबर विरुद्ध. डेन्मार्कच्या लाइफ स्वालगार्ड यांनी 1968 मध्ये आणि सोव्हिएत संशोधक मन्सुरोव यांनी 1969 मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे ओळखलं. म्हणजे जमिनीवरच्या काट्याकडे बघून बाहेर अवकाशात सूर्याचं क्षेत्र कुठे वळलंय ते सांगता येतं! स्वालगार्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. ग्रीनलंडमधल्याच गॉडहाव्नच्या जुन्या नोंदी काढून त्यांनी 1926 पासूनच्या दिशा लावल्या. तेव्हा अवकाशयान नावाची वस्तूच नव्हती.

काका, बीझेडच्या आसपासच बीवायचा आकडा असतो. घरी गेल्यावर तोही बघा.