हिरावलेल्या पोथ्या आणि फादर स्टीफन्सचे पुराण

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेच्या उत्सवात, पुस्तके हिरावून घेतली गेली त्या काळाविषयी बोलणे थोडे अवचित वाटेल. त्याला एक कारण घडले आहे. काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात मी 'क्रिस्तपुराण' शिकवीत होतो. मराठीच्या थोरवीच्या सुप्रसिद्ध ओव्या झाल्या, वर्ग प्रसन्न होता, आणि मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, ज्यांनी आमची देवळं पाडली त्यांचं पुराण आम्ही का वाचायचं?" मी भाषासौंदर्याविषयी चार वाक्ये बोलून वेळ मारून नेली. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. पुढे साष्टी आणि बारदेश त्यांच्या ताब्यात आले. प्रारंभीचा त्यांचा डोळा मसाल्याच्या व्यापारावर होता. परंतु सोळाव्या शतकाच्या मध्यास युरोपात धर्मसुधारणेचा वणवा पेटलेला होता. उत्तरेकडचे देश रोमच्या हातून निसटत होते, आणि तिकडे जे गमावले ते इकडे भरून काढण्याची ईर्षा कॅथलिक राजसत्तांना लागली होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायसभा, स्थापन झाली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे सरसकट पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा खाडीपलीकडे गेली ती याच धामधुमीत. देव पालखीतून नेता आले. पोथ्यांचे तसे झाले नाही. १५५९ च्या एका जेझुइट पत्रात हकीकत आहे की एका नवख्रिस्ती तरुणाने पलीकडच्या मुलखात जाऊन एका ब्राह्मणाचे घर फोडले आणि त्याने आठ वर्षे खपून सिद्ध केलेले पुराणग्रंथ पळवून आणले. पत्रलेखकाला या चोरीचा आनंदच झालेला आहे. आठ वर्षांचे ते लेखन गेल्यावर त्या ब्राह्मणाने काय केले असेल, हा प्रश्न मात्र त्याला पडत नाही.

गोव्यात छापखाना आला तो १५५६ मध्ये. तो निघाला होता हबसाणाला. राहिला इथे, सेंट पॉल कॉलेजात. गोव्यातच १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचा इथल्या वनस्पती व औषधींवरचा संवादग्रंथ छापून निघाला. ओर्ता जन्माने नवख्रिस्ती, म्हणजे ज्यू वंशाचा. १५६८ मध्ये तो वारला; पुढच्याच वर्षी धर्मन्यायसभेने त्याच्या बहिणीला जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. हा अग्नी केवळ आपल्याच अंगणात पेटलेला नव्हता, एवढे त्या विद्यार्थ्याला मी तेव्हाही सांगू शकलो असतो.

अशा गोव्यात १५७९ च्या ऑक्टोबरात टॉमस स्टीफन्स उतरला. तो इंग्रज, लंडनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना धर्माचरण अवघड झाले, त्याचा एक जिवलग स्नेही तुरुंगात पडला. हा निसटून रोमला गेला आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. म्हणजे ज्याच्या स्वतःच्या देशात त्याच्या श्रद्धेला बंदी होती, तो मनुष्य दुसऱ्यांच्या श्रद्धेवर बंदी घालणाऱ्या राज्यात धर्मगुरू म्हणून आला. ही विसंगती त्याला कधी बोचली असेल काय? त्याच्या लेखनात तिचा मागमूस मला तरी लागलेला नाही.

१५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. या वधाच्या मुळाशी देवळांचा विध्वंस होता. मृतांचे देह मिळवून अंत्यविधी करण्यात स्टीफन्सचा हात होता. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. हे सारे डोळ्यांसमोर घडत असता, त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात तो इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असे कौतुकाने नोंदवतो. माणसाच्या मनाचे कप्पे असे असतात!

'क्रिस्तपुराणा'चे मूळ मात्र मला या कौतुकात दिसत नाही. ते दिसते ग्रंथातच आलेल्या एका प्रसंगात. साष्टीतला एक नवख्रिस्ती पाद्रींना विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणे वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न वाचकाचा आहे. धर्म बदलला तरी दिवेलागणीला ओव्या ऐकायची कानाची सवय बदलत नाही. त्या भुकेला स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांनी उत्तर दिले. वैकुंठ, गुरू, मोक्ष अशा शब्दांना त्याने नवा अर्थ घातला, पण घाट ठेवला तो आपल्या संतकवींचाच; कारण दुसऱ्या कोणत्याही घाटाला साष्टीच्या श्रोत्याने 'पुराण' म्हटलेच नसते. हिरावलेल्या पोथ्यांचे वळण त्यांच्या जागी आलेल्या पोथीत असे शिल्लक राहिले.

ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत. देशी लिपीत छपाई व्हावी अशी स्टीफन्सची इच्छा होती. १६०८ च्या पत्रात तो रोमच्या वरिष्ठांना लिहितो, की युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे सहाशेच्या घरात ठसे पाडावे लागतील म्हणून काम अडले आहे. १६१९ मध्ये तो वारला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषाच तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. त्यामुळे पूर्वजांची पुराणे गमावलेल्यांच्या नातवंडांवर आजोबांनी ऐकलेले 'क्रिस्तपुराण'ही गमावण्याची पाळी आली. पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे; त्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरची आवृत्ती निघाली. देवनागरीत संपूर्ण ग्रंथ यायला १९५६ साल उजाडावे लागले. (कोकणीचे अभ्यासक आणि आपण या ग्रंथाच्या भाषेवरून अजूनही भांडतो, त्या वादात आज मी शिरत नाही. स्टीफन्सचे कोकणी व्याकरणही १६४० मध्ये रायतूरलाच छापले गेले, एवढे नमूद करतो.)

उलट बाजूही पाहा. जेझुइटांनी अभ्यासासाठी इथल्या रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. त्यांतल्या काही पोथ्या आज पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. ज्या हातांनी आपल्या पोथ्या नेल्या, त्याच हातांच्या नकलांमधून आपले काही वाङ्मय टिकले. यासाठी त्यांचे आभार मानावेत असे मला वाटत नाही. पण ब्रागाच्या त्या ग्रंथपालांचे मानावेत, असे जरूर वाटते.

त्या विद्यार्थ्याला आज मी सांगेन, की हे पुराण पाडणाऱ्यांचे जितके आहे, तितकेच ज्यांचे पाडले गेले त्यांचेही आहे. ते त्यांनी मागितले, ऐकले आणि लपवून जपले. आणि आपल्या ग्रंथपालांना एक विनंती आहे. 'क्रिस्तपुराण' सध्या प्राचीन काव्याच्या कपाटात आहे आणि अ. का. प्रियोळकरांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरील १९६१ चा इंग्रजी ग्रंथ दुसऱ्या दालनात, इतिहासाच्या कपाटात. वर्गीकरणाच्या नियमांना थोडी मुरड घालून ही दोन पुस्तके एका फळीवर शेजारी ठेवता आली, तर पाहावे.