अळंबी आणि आखडलेली बोटे

पावसाळा लागला की वारुळाजवळ, कुजक्या ओंडक्यावर अळंब्या उगवतात. कोणी त्या आवडीने रांधतो, कोणी कुत्र्याची छत्री म्हणून पायाने उडवतो. चीन-जपानकडे मात्र लिंगझी नावाची, लाकडासारखी कठीण आणि लाख चढवल्यासारखी चकाकणारी अळंबी शेकडो वर्षे औषधी मानली जाते. तिची भुकटी हल्ली आपल्याकडेही संधिवातावरचा उपाय म्हणून विकली जाते. तिच्यात तथ्य किती, एवढेच आज पाहू.

माझी मावशी खेड्यात राहते. सकाळी तास-दीड तास तिची बोटे मिटत नसत. भाकरी थापता येईना. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. तीन-चार महिन्यांत ती पुन्हा चुलीपाशी बसू लागली. मग कोणीसे ही भुकटी आणून दिली आणि मावशीने गोळ्या सोडल्या. काही दिवस बरे गेले. वर्षभरात उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली. ती आता सरळ होत नाहीत.

मी काही डॉक्टर नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. ‘भुकटी घेतली, बरे वाटले, म्हणून भुकटीनेच बरे वाटले,’ हा मावशीचा हिशेब. पण या दुखण्याला भरती-ओहोटी असते, आणि आधीच्या गोळ्यांचा गुण काही आठवडे टिकतो. हे तिला कोण सांगणार?

हा म्हातारपणी गुडघे झिजण्याचा विकार नव्हे. यात शरीराची संरक्षक शक्तीच वाट चुकते आणि सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. सूज येते, कूर्चा आणि हाड खाल्ले जाते. मग ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून जिची जाहिरात होते, ती वस्तू अशा रोग्याने विचारल्यावाचून घ्यावी काय?

या अळंबीची परीक्षा झाली आहे. हाँगकाँगमधील एका प्रयोगाचा अहवाल 2007 साली प्रसिद्ध झाला. 65 रोगी, 24 आठवडे. काहींना लिंगझी आणि एक चिनी वनस्पतिचूर्ण दिले, उरलेल्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले. कोणाला काय मिळाले, हे रोग्याला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. औषध घेणाऱ्यांचे दुखणे थोडे कमी झाले; पण सूज आणणाऱ्या मूळ क्रियेवर ठळक परिणाम दिसला नाही. आणि हे लक्षात ठेवा बरे का, त्या रोग्यांनी नेहमीची औषधे सोडली नव्हती!

म्हणून बुरशीवर्गाला हसू नका. नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते देतात, आणि काही संधिवातांतही ते वापरले जाते. पण त्यातले द्रव्य वेगळे काढले, मात्रा ठरवली, अपाय तपासले, तेव्हा ते औषध झाले.

तेव्हा सकाळी सांधे फार वेळ आखडत असतील, सूज उतरत नसेल, तर लवकर डॉक्टरांना दाखवा. भुकटी घ्यायचीच असेल तर त्यांना सांगून घ्या. चालू औषध आपल्या मनाने सोडू नका. रानातली अनोळखी अळंबी तर तोंडातही घालू नका. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एवढा एक प्रश्न शिकवा : ‘हे न घेता काय झाले असते?’ मावशीला तो वेळेवर कोणी विचारला असता, तर आज ती भाकरी थापत असती.