शुल्क कशावर आकारावे?

(शिक्षणविषयक अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



ज्या अभ्यासक्रमातून पुढे अधिक मिळकत होण्याचा संभव आहे त्याचे शुल्क अधिक असावे, आणि जेथे तो संभव कमी तेथे शुल्कही कमी असावे, अशी सूचना वारंवार पुढे येते. ती श्रीमंतांच्याच गोटातून येते असे नाही; आपल्यातील अनेक प्रामाणिक मंडळींनाही ती पटते. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुल्यांनी रयतेच्या श्रमातून जमलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार मांडलीच होती. शेतमजूर बाई काडेपेटीवर नि लुगड्यावर कर भरते आणि सरकारी खर्चाने शिकलेला अभियंता परदेशी निघून जातो, हे पाहून ज्याला चीड येत नाही त्याच्याशी मला आज बोलावयाचे नाही. मला वाद घालावयाचा आहे तो ज्याला चीड येते त्याच्याशी.

ऑस्ट्रेलियाने ही कल्पना अमलात आणून पाहिली आहे. १९७४ साली व्हिटलम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने तेथील विद्यापीठशुल्क रद्द केले. १९८९ मध्ये त्याच पक्षाच्या हॉक सरकारने ते परत आणले, पण निराळ्या रीतीने. विषय कोणताही असो, वर्षाला १,८०० डॉलर. प्रवेशाच्या वेळी रोख भरण्याची सक्ती नाही. पदवीधराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले म्हणजे करखात्यामार्फत वसुली व्हावयाची. शुल्क परत आले याचे दुःख मानणाऱ्यांपैकी मी आहे. तरीही वसुलीचे माप प्रत्यक्ष हाती आलेले उत्पन्न होते, हे नाकारता येत नाही.

१९९७ पासून हॉवर्ड सरकारने विषयांच्या तीन श्रेणी लावल्या. कला व परिचर्या ३,३०० डॉलर, विज्ञान व अभियांत्रिकी ४,७००, वैद्यक व कायदा ५,५००. कायदा शिकविण्यास प्रयोगशाळा लागत नाही की रुग्णालय लागत नाही. तरी तो वैद्यकाच्या पंक्तीला बसला, कारण वकील पुढे पैसा मिळवणार हे गृहीत धरलेले.

२०२१ मध्ये मात्र न्यायाची दिशाच फिरली. जेथे नोकऱ्या आहेत तेथे विद्यार्थ्यांनी वळावे म्हणून अध्यापन, परिचर्या, गणित, शेती यांचे शुल्क ३,९५० डॉलरवर आणले, आणि इतिहास-समाजशास्त्राचे सुमारे ६,८०० वरून १४,५०० वर नेले. वैद्यकाचे ठेवले ११,३००. म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याने भावी डॉक्टरपेक्षा अधिक भरावयाचे! एकदा चांगल्या भवितव्याबद्दल दंड, तर पुढे भवितव्य नसल्याबद्दल दंड. दोन्ही वेळा आधार एकच: या विषयाच्या पदवीधराचे पुढे काय होणार, हे सरकारला ठाऊक आहे. विद्यार्थ्यांचा ओघ तर फारसा बदलला नाहीच. २०२४ च्या विद्यापीठविषयक अहवालाने ही योजना फसल्याचे सांगितले आणि शुल्क आयुष्यभराच्या संभाव्य कमाईशी जोडावे अशी शिफारस केली. लंबक पुन्हा १९९७ कडे.

माझा आक्षेप या ठिकाणी आहे. एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या दोघा वकिलांपैकी एक कंपन्यांचे करार लिहितो, दुसरी कामगार न्यायालयात बडतर्फ मजुरांचे खटले चालवते. पदवी एक, शुल्क एक, मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर. जिला मूल झाल्यावर नोकरी सोडावी लागली, ज्याच्या पाठीशी ओळखीपाळखीचा एकही माणूस नाही, त्यांनीही सरासरीचीच किंमत मोजावयाची.

आणि ऑस्ट्रेलियात निदान नंतर फेडावयाचे असते. आपल्याकडे शुल्क दाखल होतानाच भरावे लागते. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये निघाली, तेव्हापासून भावी पगाराच्या आशेवर जमीन गहाण टाकणारे बाप आपण पाहत आलो आहोत. अशा कर्जाखाली शिकलेल्या डॉक्टरला तालुक्याच्या दवाखान्यात राहा म्हणून सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरतो काय? २०१६ मध्ये आयआयटीचे वार्षिक शुल्क ९०,००० वरून २ लाख रुपये झाले. त्यात अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना व अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना संपूर्ण माफी ठेवली, ती विद्यार्थ्याची आजची स्थिती पाहून. ते माप मला मान्य आहे.

ज्याने मिळविले त्याच्याकडून मिळविल्यानंतर घ्यावे, आणि त्यासाठी चढता आयकर आहे. तो पदवी विचारत नाही. न शिकता वडिलार्जित धंद्यावर श्रीमंत झालेल्यालाही तो लागू होतो, ज्याला शुल्काचे कोणतेही कोष्टक हात लावू शकत नाही. येथे एका जागी माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल करतो. परदेशी गेलेला आपल्या आयकराच्या कक्षेतून निसटतो. ऑस्ट्रेलियाने २०१७ पासून परदेशस्थ पदवीधरांकडूनही त्यांच्या एकूण उत्पन्नानुसार वसुली सुरू केली. देश सोडणाऱ्याकडून शिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च अशा रीतीने मागण्यास माझी हरकत नाही. मात्र तो गेल्यावर मागावा, जाईल या संशयावरून सगळ्या वर्गाकडून आधीच नव्हे.

२०२५ साली ऑस्ट्रेलियात कायदा होऊन विद्यार्थ्यांची थकीत कर्जे सरसकट २० टक्क्यांनी उतरविण्यात आली, आणि परतफेड ६७,००० डॉलरवरील उत्पन्नाच्या भागावरच आकारावयाचे ठरले. इतिहासाचे शुल्क वैद्यकापेक्षा अधिक, हा विपरीत क्रम मात्र त्या कायद्याने बदलला नाही.