शाळेंतील धडा, घरांतील ताट

२००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळांतून शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. परंतु तें दिवसांतील एकच जेवण, बाकीचीं घरचींच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं सुमारें ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. यावरील एक उपाय घरांतच आहे. पालेभाजी व कडधान्यें यांतील लोह लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्वामुळें अधिक अंगीं लागतें. जेवणाबरोबरचा चहा तें अडवितो. शिक्षकांनीं हा धडा मुलांकरवीं घरोघरीं पोहोंचवावा : उसळीवर लिंबू पिळावें, चहा तासाभरानें घ्यावा आणि मुलीचें ताट सर्वांच्या शेवटीं वाढूं नये. एवढें घडलें, तरच शाळेंतील शिक्षण खरोखर अंगीं लागलें म्हणावयाचें.