गाडीचा पंखा का फिरत नाही?

(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आता गावोगाव मोटारी आल्या आहेत. अडल्यानडल्या वेळी आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, तर गाडीच लागते. ती वाटेत तापून उभी राहिली, तर केवढी पंचाईत! म्हणून गाडी तापण्याचे एक कारण आज सांगतो.

इंजिन चालले की तापते. पाणी त्याची उष्णता घेते आणि पुढे रेडिएटरमध्ये येऊन निवते. गाडी पळत असली की रेडिएटरला समोरचा वारा लागतो. गाडी उभी राहिली की वारा थांबतो. तेव्हा विजेचा पंखा वारा घालतो. म्हणून ही खूण ध्यानात ठेवा. पळताना गाडी ठीक, आणि उभी राहिली की काटा वर चढतो, तर आधी पंखा पाहा. जुन्या जीपचा पंखा पट्ट्यावर फिरतो. त्याची गोष्ट वेगळी.

पंखा फिरत नाही, म्हणजे पंखाच जळाला का? तसे नाही बरे का! पुष्कळदा दोष रिलेत असतो. नवा पंखा घातला, पैसे गेले, आणि गाडी तापतेच आहे, असे होते.

रिले म्हणजे काय? विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर तुम्ही पाहिला आहे. बटण दाबले की आत खट् होते आणि मोटार चालू होते. रिले हा त्याचाच धाकटा भाऊ. त्याच्या आत तारेचे वेटोळे असते. त्यातून थोडी वीज गेली की ते लोहचुंबक होते आणि एक पत्ती ओढते. पत्ती टेकली की पंख्याला मोठी वीज मिळते.

आता तपासायचे कसे? क्रमाने जा.

पहिले, गाडी निवू द्या. चावी काढा. पंखा अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.

दुसरे, इंजिनाजवळची फ्यूजची पेटी उघडा. पुष्कळ गाड्यांत झाकणावर तक्ता असतो. त्यात पंख्याचा फ्यूज आणि रिले शोधा. फ्यूजची तार तुटली आहे का, पाहा.

तिसरे, फ्यूज चांगला असेल तर रिले काढा. हॉर्नचा रिले अगदी तसाच, त्याच नंबरचा असेल, तर तो पंख्याच्या जागी घाला. इंजिन चालू करून गरम होऊ द्या. काट्यावर नजर ठेवा. पंखा फिरला, तर जुना रिले खराब.

कधी रिले खट् करतो, पण पंखा फिरत नाही. आतली पत्ती जळाली की असे होते. कधी पत्ती चिकटून बसते. मग पंखा रात्रभर फिरतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली!

चांगला रिले घालूनही पंखा फिरला नाही, तर दोष तारेत, सेन्सरमध्ये किंवा पंख्यात असेल. ते काम मिस्त्रीचे. पण त्याला सांगा, "फ्यूज पाहिला, रिले बदलून पाहिला." म्हणजे तो तेच पुन्हा करणार नाही.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. काटा लाल खुणेवर गेला तर गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते. ते उसळून तोंड भाजते. आणि तशीच गाडी दामटली, तर लहानशा रिलेपायी सारे इंजिन जाते.