कोयत्याबरोबर गेलेली मुलं

मुलांनी शाळा सोडली की सरकारी अहवालात ‘गळती’ लिहितात. बीड जिल्ह्यात गुरुजी म्हणून इतकी वर्षं काढल्यावर हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो.

पाटोदा, शिरूर कासार, धारूर हा सगळा कोरडवाहू मुलूख. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम ऊसतोड मजुरांच्या टोळ्या घेऊन निघतो. त्याच्याकडून घेतलेली आगाऊ उचल दवाखान्यात, लग्नात केव्हाच संपलेली असते; फेडायला ऊस तोडावाच लागतो. कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिलला परततात. तोवर वर्ग भागाकार शिकून पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम झाले की पोर मागं गप्प बसू लागतं, आणि एका जूनला येतच नाही.

मुलींचं याहून अवघड. आईबाप पहाटे उसाच्या फडात गेल्यावर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळणार कोण? नऊ-दहा वर्षांची ताई. पाणी तिनंच आणायचं, भाकरीही तिनंच थापायच्या. पुढं लग्नाचं. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. पुऱ्या कोयत्याला उचल जास्त, म्हणून हंगामाआधी लग्न उरकायची घाई. वयात आलेल्या लेकीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही धास्ती वेगळीच. माझ्या सातवीच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी अशीच गेली. तिच्या आईला बोल लावायला माझी जीभ रेटली नाही. त्या आईचंही लग्न असंच झालं होतं.

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं. कारखान्यांजवळ या मुलांसाठी साखरशाळा त्याआधीपासूनच होत्या; गावोगावी हंगामी वसतिगृहंही निघाली. माझा भरवसा वसतिगृहांवर. मूल आपल्याच गावात राहतं, शाळा तीच, बाईही त्याच. पण टोळी निघायच्या आधी तिथं चूल पेटली पाहिजे. ट्रक गेल्यावर राहायला येणार कोण?

नोकरीपायी गाव सोडलेल्यांनो, तुमचीही मुलं आईबापांबरोबर नव्या ठिकाणी गेली. त्यांचा दाखला आला, वर्ग ठरला, नवी शाळा त्यांची वाट पाहत होती. उसाच्या फडाकडे निघालेल्या मुलासाठी एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

दिवाळीला गावी याल तेव्हा बीडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसतील. भांडी, गोधड्या आणि त्यांच्यावर बसलेली पोरं. कितवीत आहेस, विचारा. तेव्हा ती पटकन सांगतात. मार्चमध्ये परतल्यावर तेच विचारलं, तर आईकडं बघतात.